अकरा सेंटीमीटर

कवठीटोल्यात खुशाल भानारकरचं नाव दोन कामांसाठी घेतलं जायचं आणि दोन्ही कामं हाताची होती. तलावात डोंगा चालवताना त्याच्या हातातला बांबू एकदा तळाला टेकला की खांबासारखा उभा राहायचा. जाळं टाकणारा कितीही नाचो, डोंगा जागचा हलायचा नाही. दुसरं काम देवाचं. तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, गुडघाभर उंचीचा एक जांभा दगड आहे. गाव त्याला बुढा म्हणतं. तलावात पाणी किती ठेवायचं आणि मासे किती द्यायचे हे बुढा ठरवतो अशी मासे धरणाऱ्या ढिवरांची समजूत. वैशाखात पाणी आटून मोठी मासेमारी उघडायची वेळ आली की आधी बुढ्याला आंघोळीला नेतात. चौघं जण बांबूच्या डोलीवर घालून त्याला पाण्यात उतरवतात, घासूनपुसून परत आणतात आणि त्याच खड्ड्यात बसवतात. बसवण्याआधी खड्ड्यात टोपलीभर नदीची वाळू आणि तिच्यावर तलावाच्या तळचा ताजा गाळ भरायचा असतो. तो गाळ भरून हातानं थापून सपाट करायचा मान भानारकरांच्या घराचा. बुढा एका अंगाला कलला तर त्या वर्षी पाळ फुटते, असं म्हणतात. खुशालच्या बापाच्या वेळी एकदा कलला होता आणि पाळ फुटली होती. खुशालच्या हातून तो कधी कलला नाही.

माणसाला एवढी ओळख पुरते आणि खुशाललाही पुरत होती. पण एका हिवाळ्यात तलावापलीकडच्या माळावर शहरातल्या विद्यापीठाची माणसं आली आणि त्याच्या हाताला तिसरं काम लागलं. या माळावर मोठमोठ्या दगडांची रिंगणं आहेत. गावातली म्हातारी माणसं त्यांना राक्षसाची खळी म्हणत आणि गुरं तिकडे जाऊ देत नसत. विद्यापीठाच्या सरांनी सांगितलं, ही अडीच हजार वर्षांपूर्वीची थडगी आहेत. झालं. माळावर तंबू ठोकले गेले, खुंट्या मारून दोऱ्या ताणल्या गेल्या, पाच-पाच मीटरचे चौकोन पडले आणि कुरखेड्याच्या बाजारातून घमेली आली. धानाची कापणी संपल्यावर गावातल्या चाळीसेक बायामाणसांना काम मिळालं. वाघाच्या भीतीनं सगळी मिळूनच जायची आणि ऊन चांगलं वर आल्यावरच निघायची. सरांना तेवढाही उशीर खपत नसे.

उत्खनन म्हणजे नुसतं खणणं, असं गावाला वाटलं होतं. पण तिथे खणण्यापेक्षा मोजणं जास्त. मणी असो की लोखंडाची कुऱ्हाड, कोणत्या चौकोनात आणि किती खोलीवर सापडली हे नकाशावर चढवल्याशिवाय तिला हात लावायचा नाही. खोली मोजायची तर कुठून तरी मोजायला हवी आणि जमीन तर रोज खणली जाणार. म्हणून जवळपासची एक न हलणारी जागा धरायची, तिची उंची शंभर मीटर मानायची आणि सगळ्या खोल्या तिच्यापासून काढायच्या. ती जागा शोधायचं काम गुलाम रसूल यांच्याकडे होतं.

गुलाम रसूल ब्रह्मपुरीचे. घरात रजया भरण्याचा धंदा, हा एकटाच मोजणीच्या दुर्बिणीच्या नादी लागलेला. कालवे आणि रस्ते मोजण्यात हयात गेली, निवृत्त झाल्यावर सरांनी बोलावलं म्हणून साठी उलटल्यावर पुन्हा माळावर उभे राहिले. सगळे त्यांना चाचा म्हणत. पहिल्या दिवशी त्यांनी मजुरांना रांगेत उभं केलं आणि एकेकाच्या हातात स्टाफ दिला. स्टाफ म्हणजे आकडे रंगवलेला चार मीटरचा दांडा. तो मोजायच्या जागेवर सरळ उभा धरायचा आणि चाचांनी दुर्बिणीतून आकडा वाचायचा. कोणाचा दांडा पुढे झुकला, कोणाचा वाऱ्यानं डुलला. खुशालनं धरला आणि चाचा बराच वेळ दुर्बिणीतून पाहतच राहिले. मग म्हणाले, याच्या हातात घमेलं द्यायचं नाही.

दुपारी चाचा न हलणारी जागा शोधत पाळीवर आले. बुढ्याचा सपाट माथा त्यांना आवडला. त्यांनी खुशाललाच विचारलं.

‘हा दगड जागचा हलत तर नाई ना, बेटा?’

‘नाई चाचा. देव हाये थो. माह्या आज्याच्या आज्यापासून इथीच हाये.’

खुशाल खोटं बोलला असं कोणी म्हणू नये. त्याला आंघोळ आठवली नाही असंही नाही. पण आंघोळीला जाऊन आलेल्या माणसानं घर बदललं असं आपण म्हणतो का? बुढा जातो, येतो आणि असतो तिथेच असतो. कवठीटोल्यातल्या कोणालाही विचारलं असतं तरी हेच उत्तर मिळालं असतं. चाचांनी देवाला हात जोडले, परवानगी मागितली आणि माथ्यावर लाल रंगाचा लहानसा ठिपका दिला. हा ठिपका पुसू देऊ नकोस, एवढंच त्यांनी बजावलं. खुशालनं ते इतकं मनावर घेतलं की पुढे दर हिवाळ्याआधी तो स्वतः त्यावर नवा रंग चढवायचा.

चाचांची एक सवय होती. रोज सकाळी काम सुरू करण्याआधी ते बुढ्याच्या ठिपक्यावर स्टाफ धरायला लावत आणि मग तलावाच्या तुडुमावर. तुडूम म्हणजे पाणी सोडायचं दगडी दार, मालगुजारांच्या, म्हणजे जुन्या जमीनदारांच्या काळातलं, पक्कं बांधलेलं. दोन्हींतला फरक कालच्याएवढाच निघाला की मग वही उघडायची. सर घड्याळ पाहत बसत. एका सकाळी ते सगळ्यांसमोर म्हणाले, दगड काय रात्रीतून पळून जाणार आहे का? चाचा हसले, पण तुडुमावर जायचं त्यांनी सोडलं नाही.

दुसऱ्या वर्षी चाचांना बोलावणंच आलं नाही. त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, पण खरं कारण ते नव्हतं. ते सावकाश काम करत आणि सरांना घाई होती. दुर्बिणीवर आता सरांची विद्यार्थिनी दिव्यानी उभी राहू लागली. ती गडचिरोलीची, हुशार, खुशालला खुशालभाऊ म्हणणारी. पहिल्याच सकाळी तिनं तुडुमाचं विचारलं. सर म्हणाले की म्हाताऱ्याची खोड होती ती, आपल्याला अर्धा तास मिळतो. तुडूम सुटलं ते सुटलंच.

मधल्या वैशाखात बुढा आंघोळ करून आला होता. त्या साली तलावातला गाळ काढला होता, त्यामुळे काळाभोर चिकट गाळ हवा तेवढा मिळाला. बुढ्याची नजर पाण्यावर राहावी म्हणून खुशालनं हात आखडता घेतला नाही.

त्या हिवाळ्यात माळावर मोठीच गंमत झाली. आदल्या वर्षीच्या चौकोनात थडग्याखाली चोपून केलेली जमीन सापडली होती. यंदा शेजारच्या चौकोनात तशीच जमीन सापडली, पण माप घेतलं तर ती अकरा सेंटीमीटर खाली निघाली. दोन चौकोनांच्या मध्ये मीटरभर रुंदीचा मातीचा बांध मुद्दाम ठेवलेला असतो, त्यामुळे दोन्ही जमिनी एकमेकींना जोडून दिसत नव्हत्या. सरांनी निष्कर्ष काढला की या दोन वेगळ्या काळांच्या जमिनी आहेत, एकावर एक दोन वस्त्या. त्यांनी तसा लेख लिहिला. पेपरात फोटो आला, परिषदेत सत्कार झाला. काम संपताना सरांनी गावासमोर खुशालच्या पाठीवर हात ठेवला आणि खुशाल म्हणजे आमचा ओळंबा, असं सांगितलं. त्या शब्दावर खुशाल सहा महिने तरंगत होता. गोकुळा, त्याची बायको, त्याला भाकर वाढताना ओळंबासाहेब म्हणायची.

तिसऱ्या वर्षी मधला बांध काढला. बाहेरच्या विद्यापीठातले एक तज्ज्ञ पाहायला आले होते आणि सरांना त्यांच्यासमोर दोन जमिनींमधली पायरी दाखवायची होती. बायका घमेली भरत होत्या, बांध खाली खाली येत होता. शेवटचा थर खरवडला आणि इकडची जमीन सरळ तिकडे गेली. पायरी नव्हतीच. एकच जमीन, सारवल्यासारखी सपाट. तज्ज्ञ माणूस सभ्य होता, त्यानं फक्त चष्मा पुसला आणि जीपकडे गेला.

सर वळले. मग त्यांची नजर स्टाफ धरून उभ्या असलेल्या खुशालवर गेली.

‘तू कलता धरलास,’ ते म्हणाले. ‘गेल्या वर्षी स्टाफ कलता धरलास तू.’

खुशाल म्हणाला, ‘साहेब, मी नाई कलवलो.’

चाळीस माणसं ऐकत होती. सरांनी त्याच्या हातातून स्टाफ काढून घेतला आणि गड्यांतल्याच एकाला दिला. त्या दिवसापासून खुशालच्या डोक्यावर घमेलं आलं. नीलाबाई नावाची बाई रांगेत त्याच्या पुढे असायची, जिभेनं तिखट पण मनानं वाईट नाही. मागे वळून म्हणाली, ‘घमेलं तरी सिद्धं धरजो, भाऊ.’ सगळे हसले. खुशालही हसला, आणि घरी जाऊन न जेवता पडून राहिला.

माणसाची चूक झाली तर तो ती गिळतो. न केलेली चूक गिळता येत नाही, हे ज्याच्यावर आली त्यालाच कळतं. खुशालनं गेल्या हिवाळ्यातला एकेक दिवस मनात उलगडून पाहिला. वारा कधी होता, पाय कधी घसरला, पापणी कधी लवली. काही सापडेना. दोन दिवसांनी दिव्यानी तलावावर पाय धुवायला आली तेव्हा तिनं आपणहून सांगितलं, की अकरा सेंटीमीटरचा फरक पडायला स्टाफ किती कलावा लागेल ते तिनं काढून पाहिलं आहे. तो इतका कलावा लागेल की धरणारा माणूस दारू पिऊन पडायच्या बेतात असायला हवा आणि ते दुर्बिणीतून तिला दिसल्याशिवाय राहिलं नसतं. खुशालभाऊ, तुम्ही नाही कलवला, असं ती म्हणाली.

मग सरांना सांगा ना, असं खुशालनं म्हटल्यावर ती बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिली. तिचा प्रबंध सरांच्या सहीवर अडलेला होता. खुशालनं पुन्हा विचारलं नाही. पोर वाईट नव्हती. पण वाईट नसलेल्या माणसांनी गप्प बसून जेवढं नुकसान केलं आहे तेवढं वाईटांना जमलेलं नाही, आणि मला या गोष्टीत सर्वांत जास्त राग तिचाच येतो.

वैशाख आला. माळावरची माणसं केव्हाच निघून गेली होती. गावदेवांची पूजा करणारा भुमक इसरू यानं दिवस सांगितला, चौघांनी बुढ्याला डोलीवर घेतलं आणि डफऱ्या वाजवत पाण्यात उतरवलं. खुशाल पाळीवर थांबला, कारण खड्डा साफ करायचं काम त्याचं. आजवर तो खुरप्यानं कडा खरवडून मोकळा व्हायचा. पण तीन हिवाळे माळावर काढल्यानं त्याच्या डोळ्याला एक नवी खोड लागली होती. मातीची कापलेली कड दिसली की थर मोजायचे. दिव्यानीनंच त्याला शिकवलं होतं, रंग बदलला की काळ बदलला.

त्यानं खड्ड्याची कड पाहिली. खाली जुना, कडक झालेला गाळ. त्यावर बोटभर पिवळी वाळू, वर चार-पाच बोटं काळा गाळ. पुन्हा वाळू, पुन्हा गाळ. चाचांनी ठिपका दिल्यानंतरच्या दोन आंघोळींचे दोन थर, त्याच्या स्वतःच्या हाताचे, एकावर एक. खालचा काळा थर सर्वांत जाड. खुशालनं त्यावर आडवी बोटं लावली आणि त्याचा हात तिथेच राहिला. बुढा दर साली वर चढत होता. त्याच्या माथ्यावरचा लाल ठिपका वर चढत होता. वहीत मात्र तो शंभरच मीटरवर होता.

डफऱ्या जवळ आल्या. इसरूनं हाक मारली. खुशालनं वाळू टाकली, गाळ थापला, हातानं सपाट केला. बुढा बसला, न कलता.

दुसऱ्या सकाळी त्यानं गवंड्याकडून पाणी भरायची पारदर्शक नळी मागून आणली. एक टोक गोकुळाला तुडुमावर धरायला लावलं, दुसरं स्वतः बुढ्याजवळ धरलं. दोन्ही टोकांतलं पाणी एका पातळीवर येतं, त्यावरून उंचीतला फरक काढता येतो, हे कोणताही गवंडी जाणतो. फरक आला एक मीटर एकाहत्तर सेंटीमीटर. तो आकडा हातावर लिहून खुशाल ब्रह्मपुरीच्या बसमध्ये बसला.

चाचा ओट्यावर बसून सुईत दोरा ओवायचा प्रयत्न करत होते. खुशालचं बोलणं पूर्ण होईपर्यंत त्यांनी एकदाही मध्ये विचारलं नाही. मग आत जाऊन पहिल्या वर्षाची वही आणली, भिंग लावलं आणि रोजच्या रोज लिहिलेला फरक वाचला. एक मीटर सेहेचाळीस. एक मीटर सेहेचाळीस. पानापानावर तोच. तीन आंघोळींत दगड पंचवीस सेंटीमीटर चढला होता, आणि पहिल्या आंघोळीचा थर सर्वांत जाड होता हे खुशाल डोळ्यांनी पाहून आला होता.

‘मी तुले इचारलो होतो,’ चाचा म्हणाले.

‘हो चाचा.’

‘अन् तू नाई म्हणला.’

‘बुढा आंघोळीले जाते, चाचा. हलते कुठी?’

चाचांनी वही मिटली. त्यांना आधी हसू आलं आणि मग डोळ्यांत पाणी आलं, ते ऑपरेशनचं नव्हतं. म्हणाले, ‘गलती माही. दगड हलते का, असं इचाराचंच नाई. देवाले वर्षभर काय काय करता, ते इचाराचं होतं.’ आणि खुशालच्या देखत त्यांनी सरांना फोन लावून सगळं सांगितलं, चूक आपल्या नावावर घेऊन सांगितलं. तुडुमावर रोज तपासलं असतं तर दुसऱ्याच वर्षी कळलं असतं, हेही ते बोलले. पलीकडून काय उत्तर आलं ते खुशालला ऐकू आलं नाही. पण परतीच्या बसमध्ये तो तीन महिन्यांत पहिल्यांदा झोपला.

आठ दिवसांनी सर आले. सोबत दिव्यानी होती, चाचा नव्हते. शाळेच्या व्हरांड्यात खुर्च्या टाकल्या होत्या. सरांनी खुशालला समोर बसवलं, चहा मागवला. आवाज चढवला नाही. सरांनी चढवला असता तर बरं झालं असतं, खुशालही चढला असता.

‘तू म्हणतोस ते खरं आहे,’ सर म्हणाले. ‘पण दगड हलला असं मी लिहिलं, तर सगळी मापं जातात. नकाशा जातो, हिचा प्रबंध जातो. आणि तो दगड सरकारी कागदावर येतो. वरून माणसं येतील, त्याच्याभोवती सिमेंट ओततील, तार घालतील. आंघोळ विसरा. त्यापेक्षा स्टाफ कलला होता एवढंच लिहिलं, तर दोन चौकोनांची मापं रद्द होतात. बाकी सगळं जागच्या जागी राहतं. तुमचा देवही.’

खुशालनं दिव्यानीकडे पाहिलं. ती कागद घेऊनच बसली होती, आणि त्यावरचं अक्षर तिचंच होतं. ‘मी, खुशाल भानारकर, दुसऱ्या वर्षीच्या कामात स्टाफ सरळ धरण्यात हयगय केली. त्यामुळे मापांत अकरा सेंटीमीटरची चूक झाली. ही माझी चूक मला मान्य आहे.’ खुशाल चौथीपर्यंत शिकलेला, त्यानं एकेक शब्दावर बोट ठेवून वाचलं.

त्याच्या मनात काय चाललं होतं ते त्यानं पुढे गोकुळाला सांगितलं म्हणून आपल्याला कळतं. हात आपला एकट्याचा आहे. बुढा गावाचा आहे. आपला हात वाचवायला गेलो आणि बुढा सिमेंटात अडकला, तर गावाला तोंड कसं दाखवायचं? एवढाच त्याचा हिशेब, आणि तो चुकीचा होता असं मला आजही म्हणवत नाही. त्यानं सही केली. सरांनी पाठीवर हात ठेवला आणि पुढच्या वर्षीचं बघू, असं म्हणाले. दिव्यानीनं कागद घडी घालून पिशवीत टाकला, आणि ही गोष्ट गावात कोणाला सांगू नकोस, दगडाचा गवगवा नको, असं सर जाता जाता बोलले.

गोकुळानं ऐकलं आणि हातातलं सूप खाली ठेवलं.

‘बदनाम हात तुहा, अन् सही बी तुहीच,’ ती म्हणाली. ‘काऊन केला?’

त्यानं कारण सांगितलं. तिनं पुन्हा सूप उचललं. चाचांना त्यानं फोन केला तेव्हा ते इतकंच म्हणाले, की माझी चूक माझ्या नावानं राहू द्यायची होती. त्यानंतर त्यांनी खुशालचा फोन उचलला नाही.

हिवाळा आला आणि माळावर पुन्हा तंबू उभे राहिले. या वेळी नवं यंत्र होतं, आभाळातल्या उपग्रहांवरून जागा आणि उंची सांगणारं. पहिल्याच सकाळी त्यांनी माळावरच एक खड्डा घेतला, त्यात काँक्रीटचा खांब रोवला आणि त्यावर पितळी बिल्ला ठोकला. तीच त्यांची आता न हलणारी जागा. पाळीकडे कोणी फिरकलंसुद्धा नाही. बुढ्याची कोणाला गरज उरली नव्हती, सिमेंटाची गोष्ट तर दूरच. खुशाल ते काम लांबून पाहत उभा होता. आपण कशाच्या बदल्यात काय देऊन बसलो ते त्याला त्या खांबाकडे पाहताना कळलं, आणि ते कळून काहीच उपयोग नव्हता.

कामाला गेला तर मुकादमानं नाव नसल्याचं सांगितलं. सरांच्या ऑफिसातून ग्रामपंचायतीला पत्र आलं होतं, कोणाला कामावर घ्यायचं आणि कोणाला का नाही, आणि सोबत पुरावा म्हणून खुशालच्या सहीच्या कागदाची नक्कल जोडली होती. शिपायानं ती वाचून दाखवली. जे ऐकायला नव्हते त्यांना ऐकलेल्यांनी सांगितलं. गेल्या साली सरांनी आरोप केला होता तेव्हा निम्मं गाव खुशालच्या बाजूनं होतं. आता त्यानंच लिहून दिलं म्हटल्यावर कोण काय बोलणार? नीलाबाईनंही थट्टा सोडून दिली, त्याच्या मनाला जास्त लागलं ते हे.

वैशाखात इसरूनं दिवस सांगितला तेव्हा भानारकरांच्या अंगणात यायच्या ऐवजी तो खुशालच्या चुलतभावाकडे, गोपालकडे गेला. खुशालला हे पाळीवर कळलं. तो वाळूची टोपली घेऊन आला होता, आणि खड्ड्यात आधीच गोपाल उतरलेला होता. गोपाल खाली मान घालून कडा खरवडत होता.

इसरू म्हातारा माणूस, त्याला खुशालचा राग नव्हता. तो जवळ आला आणि हळू बोलला.

‘तूच लिवून देला ना बा, हात कलते म्हणून. देवाच्या कामात तसं कसं चालन? पाळ फुटली तं गाव मले इचारन.’

गोकुळा बायकांत उभी होती. ती पुढे आली, तिचं तोंड उघडलं. खुशालनं तिच्याकडे पाहून मान हलवली. आता सांगायचं तरी काय सांगायचं? देवासाठी खोटं लिहून दिलं, असं सांगायचं? ते सिमेंट कधी आलंच नाही, त्यामुळे हे खरं कारणही आता खोटंच वाटलं असतं. त्यानं वाळूची टोपली गोपालच्या हातात दिली आणि मागे जाऊन माणसांत उभा राहिला.

बुढा पाण्यातून आला, ओला आणि स्वच्छ. गोपालनं गाळ थापला होता, घाईनं, पूर्वेकडे जरा कमी. चौघांनी दगड उतरवला. इसरूनं शेंदूर लावला, नारळ फोडला, डफऱ्या वाजल्या आणि लोक जाळी घेऊन पाण्याकडे धावले. दगड पूर्वेला कलला होता. दोन बोटं, जास्त नाही. खुशालच्या डोळ्याला ते माणसांच्या मागून, वीस पावलांवरूनही दिसलं. आणखी कोणाला दिसलं नाही.

घरी जाताना गोकुळानं विचारलं, ‘बराबर बसला का बुढा?’

खुशालनं हाताला चिकटलेली वाळू झटकली.

‘मले काय समजते त्यातलं,’ तो म्हणाला.